बाळाच्या खोलीतला वास आणि आमच्या घरातल्या डांबर गोळ्या

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोललेलं जवळपास जसंच्या तसं ठेवलं आहे.)

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. बाळ झोपलंय, बायको झोपलीये, आणि मी ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनवर मोबाईल ठेवून तुमच्याशी बोलतोय. मागे पंख्याचा घरघर आवाज येईल, तो सांभाळून घ्या. पंखा का चालू आहे, ते पुढे कळेलच.

आजचा विषय एका ताईंच्या व्हॉइस नोटवरून घेतलाय. त्या म्हणतात, "दादा, आमचा वन बीएचके आहे, बाळ पाच महिन्यांचं आहे. बेडरूमचं दार उघडलं की डायपरचा वास येतो. पाहुणे आले की लाज वाटते. केमिकलवाला स्प्रे नकोय, काहीतरी नैसर्गिक सांगा ना."

ताई, सांगतो. सगळं सांगतो. पण आधी माझ्या घरातला एक प्रसंग ऐका, कारण मी पण असंच "काहीतरी नैसर्गिक, काहीतरी घरगुती" करायला गेलो होतो, आणि पोरगा पाच दिवसांचा असताना दवाखान्यात निळ्या दिव्याखाली झोपवायची वेळ आली.

तर झालं असं. आमचा मुलगा गेल्या वर्षी जुलैमध्ये झाला. जुलैमध्ये पुण्यात फ्लॅट कसा असतो, तुम्हाला माहितीये. भिंतीला ओल, कपाट उघडलं की कुबट वास. बायकोला दवाखान्यात ॲडमिट केलं त्या आठवड्यात मी एकटाच घरी होतो आणि खोली तयार करत होतो. सासूबाईंनी गावाहून लंगोट, झबली, दुपटी पाठवली होती. जुनी, मऊसूत सुती लुगड्याची दुपटी. एवढी छान दुपटी आणि कपाटात वास कुबट! मी खालच्या वाण्याकडून डांबर गोळ्यांची पुडी आणली आणि प्रत्येक कप्प्यात चार-चार टाकल्या. दोन दिवसांनी कपाट उघडलं तर मस्त 'स्वच्छ' वास. मला वाटलं, बाप म्हणून पहिलं काम फत्ते.

बाळ घरी आलं. रोज तेल लावून मालिश, आंघोळ, मग त्या दुपट्यात घट्ट गुंडाळून झोप. चौथ्या दिवशी डोळे पिवळे वाटायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, होतं सगळ्या बाळांना, कोवळ्या उन्हात धरा." आता जुलैमध्ये कोवळं ऊन आणायचं कुठून? पाचव्या दिवशी तसंही दाखवायला जायचंच होतं. डॉक्टरबाईंनी बाळाला दुपट्यासकट उचललं, आणि त्याच्याकडे बघायच्या आधी दुपट्याचा वास घेतला.

"डांबर गोळ्या ठेवता का कपड्यांत?"

मी अगदी अभिमानाने "हो" म्हणालो.

त्यांनी ते दुपटं तिथल्या तिथे काढायला लावलं. रक्त तपासलं. काविळीचा आकडा बराच वर होता. दोन रात्री फोटोथेरपी. आणि एक वेगळी तपासणी केली, जी-सिक्स-पीडी नावाची. ती कमी आली.

हे जी-सिक्स-पीडी म्हणजे काय, थोडक्यात सांगतो, कारण हे बऱ्याच आईबाबांना माहीतच नसतं. मला पण नव्हतं. आपल्या लाल रक्तपेशींमध्ये एक एन्झाइम असतं, ते पेशींना फुटण्यापासून जपतं. काही लोकांमध्ये ते जन्मापासून कमी असतं. एरवी आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. पण काही ठरावीक पदार्थ शरीरात गेले की त्यांच्या लाल पेशी भराभर फुटतात. पेशी फुटल्या की बिलिरुबिन वाढतं, आणि नवजात बाळाच्या यकृताला ते झेपत नाही. फारच वाढलं तर ते मेंदूपर्यंत पोचतं आणि कायमची इजा करतं. त्या ठरावीक पदार्थांमध्ये नॅप्थलीन आहे. आणि डांबर गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थलीनच. ती गोळी महिनाभरात बारीक होत जाते ना, ती वितळत नाही, तिची थेट वाफ होते. ती वाफ कपड्यात बसते. बाळाच्या श्वासातून आत जाते, आणि त्वचेतूनही जाते. तेल लावलेल्या त्वचेतून तर जास्तच. म्हणजे आम्ही रोज मालिश करून, तेलकट अंगावर तेच दुपटं घट्ट गुंडाळत होतो.

हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलांमध्ये जास्त दिसतो, आणि येतो आईकडून. हे ऐकल्यावर सासूबाईंना एकदम आठवलं, त्यांच्या भावाला, म्हणजे बायकोच्या मामाला, तरुणपणी मलेरियाच्या गोळ्या घेतल्यावर काळपट लघवी झाली होती. तेव्हा कुणी काही शोधलं नव्हतं. घरातल्या गोष्टी अशाच असतात, कुणीतरी विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

डॉक्टरबाई एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हणाल्या, "गोळ्यांमुळेच झालं असं मी ठामपणे नाही म्हणणार. कावीळ बऱ्याच बाळांना होते. पण या बाळाच्या घरात यापुढे डांबर गोळी नको. कपाटात नको, बेसिनमध्ये नको, संडासात नको." तीन महिन्यांनी परत तपासणी केली, तीही कमीच आली. आता त्याच्या फाइलवर पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलेलं आहे, आणि सोबत टाळायच्या औषधांची यादी आहे. यादीत मेंदीपण आहे बरं का. बारशाला आत्या हौसेनं मेंदीचा कोन घेऊन आली होती, तिला परत पाठवावं लागलं. रुसली थोडी.

आता पोरगा चौदा महिन्यांचा आहे, धडधाकट आहे, काल त्यानं माझा इअरफोन वरणात बुडवला. काळजी नसावी.

पण झालं काय, की जेव्हा खरा डायपरचा वास सुरू झाला, तेव्हा आमच्या हातातली सगळी नेहमीची शस्त्रं काढून घेतली होती. गोळ्या नाहीत. कापूर नाही. स्प्रे नाही. मग नाइलाजाने विचार करावा लागला की हा वास येतो तरी कुठून. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं.

पहिली गोष्ट. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या शीला फार वास नसतोच. थोडा आंबूस, ताकासारखा. मग खोलीत वास कसला? बहुतेक वेळा शिळ्या शूचा. ताज्या शूला जवळपास वास नसतो. त्यात युरिया असतो, आणि जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. याला वेळ लागतो. म्हणून सकाळचा पहिला डायपर उघडला की डोळ्यांत पाणी येतं, आणि दुपारचा दोन तासांचा डायपर काहीच म्हणत नाही. म्हणजे वास हे एक प्रकारचं घड्याळ आहे. नाकाला झोंबणारा वास आला, याचा अर्थ तो कपडा किंवा डायपर बराच वेळ तसाच पडला आहे. बाळाच्या अंगावर, बादलीत किंवा डब्यात.

आणि हे फक्त नाकापुरतं नाही. अमोनियानं तिथला ओलावा अल्कधर्मी होतो, आणि अशा ओलाव्यात शीमधली पाचक एन्झाइम्स जास्त जोमानं काम करतात. कशावर? बाळाच्या त्वचेवर. लाल चट्टे, रॅश, त्यातून येतात. तुम्ही खोलीत मोगऱ्याचा स्प्रे मारलात तर घड्याळ झाकलं जातं, वेळ काही थांबत नाही.

दुसरा वास शीचा. सहा महिन्यांनंतर वरणभात, खिमटी, केळं सुरू झालं की हा वास आपल्या मोठ्यांसारखाच होतो. आणि तिसरा वास, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, तो आंबट दुधाचा. बाळ दूध ओकतं, ते गादीत, उशीत, आपल्या खांद्यावर, पलंगाच्या फटीत जातं. आमच्याकडे पंधरा दिवस आम्ही डायपरचा डबा धूत होतो आणि वास येत होता उशीच्या खालच्या बाजूला.

तर आधी नाक घेऊन खोलीभर फिरा. लाजू नका. गुडघ्यावर बसून गादी हुंगा. आपलंच घर आहे.

आता डायपर. मी सुरुवातीला ऑनलाइन मोठा, पायानं उघडणारा, झाकणवाला डबा घेतला. चांगला पंचवीस-तीस डायपर मावतील असा. तिथेच चुकलो. मोठा डबा असला की तो भरेपर्यंत आपण वाट बघतो. चार दिवसांचा अमोनिया झाकणाखाली तयार, आणि दर वेळी पाय दिला की भस्सकन तोंडावर. शेवटी तो डबा आता कांदे-बटाट्यांना दिलाय, अर्थात धुऊन. डायपरसाठी एक छोटा डबा आहे, एका दिवसाचे सहा-सात मावतात, आणि तो बेडरूममध्ये नाही, इथे ड्राय बाल्कनीत आहे. वन बीएचकेत जागा नसते हे मान्य, पण बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅनखाली तरी ठेवा. ज्या खोलीत झोपतो तिथे डबाच नको.

पण सगळ्यात कामाची गोष्ट मला कुठल्या व्हिडिओनं नाही शिकवली, आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींनी शिकवली. एकदा सकाळी डायपरची पिशवी त्यांच्या हातात दिली, तर त्या म्हणाल्या, "दादा, शी संडासात टाकत जा की आधी. पाण्यानं भरलेलं चालतंय, पण शी आमच्या हाताला लागती."

मी अक्षरशः खाली बघत उभा राहिलो. आपण डायपर 'डिस्पोजेबल' म्हणतो, पण आपल्याकडून गेला की तो पुढे कुणाच्या तरी हातातच जातो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की वापरलेले डायपर आणि पॅड नीट गुंडाळूनच द्यायचे, आणि कंपन्यांनी त्यासाठी सोबत पिशवी द्यावी. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेनं लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती, की असा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर मोठा लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून न बघता कळतं आत काय आहे. मी आता रोज सकाळी स्केचपेननं ठिपका काढतो. पोराला वाटतं बाबा चित्र काढतायत.

आणि गंमत म्हणजे मावशींसाठी म्हणून सुरू केलं, पण त्यानं घरातला अर्धा वास गेला. शी कमोडमध्ये झटकायची, फ्लश करायचा. फक्त शी हं, डायपर कमोडमध्ये कधीही टाकायचा नाही, प्लंबर बोलवावा लागेल. चिकटलेली असेल तर जेटनं उडवायची. मग डायपर आतल्या बाजूला घट्ट गुंडाळायचा, त्याच्याच दोन पट्ट्यांनी बंद करायचा, वर्तमानपत्रात बांधायचा. शूचं पाणी आतल्या जेलमध्ये धरून ठेवलेलं असतं, ते एका दिवसात फारसा त्रास देत नाही. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी आणि त्यावर दोन चमचे खायचा सोडा. संपला विषय.

लंगोटांचं प्रकरण जरा मोठं आहे, आणि माझं त्यावर जास्त प्रेम आहे, कारण आम्ही दिवसा लंगोट आणि रात्री डायपर असं करतो.

लंगोट ओला झाला की लगेच साध्या, गार पाण्यातून काढा. लगेच म्हणजे लगेच. तेव्हा शूमध्ये युरिया असतो, तो पाण्याबरोबर निघून जातो. तासाभरानं केलंत तर त्याचा अमोनिया व्हायला सुरुवात झालेली असते. शीचा असेल तर आधी गरम पाणी घालू नका, डाग पक्का बसतो. गार पाण्यात झटकून मग साबण. आणि लंगोट दोन-दोन दिवस बादलीत भिजत ठेवू नका. आम्ही ठेवायचो. ती बादली उघडली की बायको नाकाला पदर लावायची, आणि ती पदरवाली साडी नेसत नाही, म्हणजे विचार करा.

बरं, आता हे नीट ऐका. त्या बादलीत काही जण ब्लीचिंग पावडर टाकतात, की जंतू मरतील, वास जाईल. शूच्या शिळ्या पाण्यात अमोनिया असतो. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन नावाचा वायू तयार होतो, जो फुप्फुसाला जाळतो. बंद बाथरूममध्ये हे करू नका. तसंच ब्लीच आणि व्हिनेगरही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन निघतो.

व्हिनेगर एकटं मात्र उपयोगाचं आहे. आपलं पांढरं, चायनीजवर घालतो ते. व्हिनेगर आम्ल, अमोनिया अल्क, दोघं एकमेकांना मारतात. लंगोट धुऊन झाले की शेवटच्या पाण्यात, अर्ध्या बादलीला एक लहान वाटी. पाच मिनिटं ठेवा, परत साध्या पाण्यातून काढा, पिळा. वाळल्यावर व्हिनेगरचा वास राहत नाही. हे साध्या सुती लंगोटांसाठी सांगतोय. इलास्टिकवाले, वरून प्लास्टिकचा थर असलेले कापडी डायपर असतील तर व्हिनेगरनं ते हळूहळू खराब होतात, तिथे नको.

आणि खायचा सोडा? सगळीकडे सांगतात, सोडा टाका, सोडा टाका. सोडा हलका अल्क आहे. तो आंबट वासावर चालतो, म्हणजे ओकलेलं दूध, गादी, शीचा आंबूस वास. अमोनिया स्वतःच अल्क, त्याला सोडा काय करणार? म्हणून कुणी म्हणतं सोड्यानं काही होत नाही, कुणी म्हणतं जादू झाली. दोघंही खरं बोलतायत, त्यांचे वास वेगळे. झोंबणारा वास असेल तर व्हिनेगर, आंबट असेल तर सोडा. आणि दोन्ही एकत्र ओतून फेस बघत बसू नका, फेस छान दिसतो पण दोघांचंही काम संपलेलं असतं. अजून एक, दुकानात 'सोडा' म्हणून मागाल तर धुण्याचा सोडा देतील. तो वेगळा, तिखट असतो, बाळाच्या कपड्यात नको.

गादीसाठी, सोडा भुरभुरवा, दोन-तीन तास ठेवा, तोवर बाळ दुसऱ्या खोलीत, मग व्हॅक्यूमनं किंवा ओल्या फडक्यानं काढून घ्या.

तरीही वाळलेल्या, धुतलेल्या लंगोटाला ओला झाल्या-झाल्या वास मारतो, असं होत असेल तर कापडात साबण साठलाय. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी आलं तेव्हा नेमकं हेच झालं. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, तो धाग्यात बसतो आणि त्याच्यासोबत बाकीचं सगळं बसतं. मग आपण काय करतो? अजून साबण घालतो. उलटं करा. एकदा सगळे लंगोट बिनसाबणाच्या कडक गरम पाण्यातून काढा. न घातलेल्या साबणाचा फेस वर येईल, बघून आश्चर्य वाटेल. फेस यायचा थांबेपर्यंत पाणी बदला. त्यानंतर साबण निम्मा करा. आणि फॅब्रिक कंडिशनर बंद. त्यानं वास गोड येतो पण कापड पाणी शोषेनासं होतं, आणि लंगोटाचं कामच ते आहे.

मग वाळवणं. उन्हासारखं काही नाही. उन्हानं ओल जाते, जिवाणू मरतात, पिवळे डाग पण फिके होतात. पण पावसाळ्याचे चार महिने? तर ऐका, हा पंखा त्यासाठीच चालू आहे. दोरीवर लंगोट अंतर ठेवून टाकायचे, खाली टेबल फॅन, ड्राय बाल्कनीचं दार उघडं, बेडरूमचं बंद. सकाळी जे थोडे दमट राहतात त्यांना गरम इस्त्री. अर्धवट वाळलेला लंगोट घडी करून ठेवला की उद्या सगळ्या कप्प्याला वास.

पूर्वी याला उपाय होता धुरी. शेगडीत निखारे, त्यावर उपडी टोपली, टोपलीवर लंगोट. वर ओवा, वेखंड, लसणाची सालं. सासूबाई आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "शेगडी कुठं मिळते हो इथं?" बाळाला आंघोळीनंतर धुरी द्यायची, खोलीतला वास जातो, बाळाला गाढ झोप लागते. त्यांनी तिघांना असंच वाढवलंय.

आता जावई म्हणून यावर बोलणं फार अवघड. मी दोन दिवस गप्प बसलो. मग हळूच म्हणालो, "आई, तुमच्या घरी कौलं होती ना? धूर वर निघून जायचा. इथे स्लॅब आहे, खिडकी एक, पाऊस म्हणून तीही लावलेली. निखाऱ्याचा विषारी वायू वास न देता साठतो. आणि त्याला आत्ताच रक्ताचा त्रास होऊन गेलाय."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच इस्त्री करत होतो, तर माझ्या हातातून इस्त्री घेतली आणि म्हणाल्या, "कडेनं फिरवा, शिवणीत ओल राहते." तेवढंच. पण शेगडीचा विषय परत निघाला नाही. संध्याकाळी देवाजवळ धूप लावायचा असतो त्यांना, तो त्या हॉलमध्ये गॅलरीचं दार उघडून लावतात, तोवर मी बाळाला घेऊन खाली एक चक्कर मारतो. धूर गेला की मिस्ड कॉल येतो.

कापराबद्दल पण सांगतो, कारण 'नैसर्गिक' म्हटलं की पहिलं नाव त्याचंच. प्लगला लावायची कापूरदाणी, गादीखाली वडी, रुमालात बांधून पाळण्याला. नका करू. कापूर श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जातो, आणि पोटात गेला तर थोड्याशानंसुद्धा लहान मुलांना झटके येतात, तेही काही मिनिटांत. आणि रांगणाऱ्या पोराला कापराची वडी आणि खडीसाखर यातला फरक कसा कळणार? आमच्याकडे कापूर आता देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, झाकणाच्या बरणीत आहे. नीलगिरी, पुदिन्याच्या तेलाचे डिफ्यूझरही तसेच. एवढ्या लहान बाळाला त्या उग्र तेलांनी श्वासाचा त्रास होऊ शकतो.

बाकी लिंबाची सालं, कापलेला कांदा, खिडकीतली तुळस. ठेवा, छान दिसतं. वासावर फार काही होत नाही. कोळशाची पिशवी थोडी मदत करते, आठवड्यातून एकदा उन्हात ठेवावी लागते. हवेचं म्हणाल तर बाथरूमचा एक्झॉस्ट चालू करा, बाथरूमचं दार उघडं आणि बेडरूमची खिडकी चार बोटं उघडी. हवा खोलीतून ओढली जाते. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. फुकट आहे.

आता एक शेवटचं, आणि मला यासाठीच हा भाग करायचा होता. वास झाकला की आपल्याला एक गोष्ट कळेनाशी होते, ती म्हणजे बाळाचं काय चाललंय. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला साधारण सहा तरी ओले लंगोट व्हायला हवेत. त्याहून कमी होत असतील आणि शू गडद, उग्र वासाची असेल, तर बाळाला दूध पुरत नाहीये. शी एकदम पाण्यासारखी आणि कुजका वास असेल, तर डॉक्टर. शी पांढरी, खडूसारखी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलू नका, यकृताच्या नळीचा प्रश्न असू शकतो.

आणि एक गमतीशीर वास. आमच्या बाळाच्या लंगोटाला दुसऱ्या महिन्यात मेथीचा वास यायला लागला. अगदी गोडसर, जळलेल्या साखरेसारखा. तोपर्यंत मी रात्री दोन वाजता मोबाईलवर सगळे आजार वाचणारा बाप झालो होतो. एक दुर्मीळ आजार खरंच आहे, ज्यात नवजात बाळाच्या शूला असा गोड, पाकासारखा वास येतो, आणि तो गंभीर असतो. धावत गेलो. डॉक्टरबाईंनी बाळाला बघितलं, बाळ हसतंय, दूध पितंय, वजन वाढतंय. मग बायकोला विचारलं, "मेथीचे लाडू चालू आहेत का?"

रोज दोन. सासूबाईंच्या हातचे.

मेथीतला वासाचा घटक आणि त्या आजारातल्या शूमधला वासाचा घटक एकच आहे, त्या म्हणाल्या. आईनं मेथी खाल्ली की बाळालाही तो वास येऊ शकतो. बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, तर मात्र लाडवांवर ढकलून घरी बसू नका. आमचं बाळ टुणटुणीत होतं, म्हणून हसत परत आलो. लाडू चार दिवस बंद केले, वास गेला. मग परत सुरू केले, कारण ते लाडू खरंच छान होते.

ताई, तुम्ही आज रात्री एवढंच करा. डबा बेडरूमच्या बाहेर काढा, आणि कपाटात डांबर गोळ्या असतील तर त्याही. त्या कपड्यांना नुसतं झटकू नका, धुऊन, दोन-तीन दिवस हवेवर ठेवून मगच बाळाला घाला. उशी उलटी करून हुंगा. काय सापडलं ते व्हॉइस नोटवर सांगा. आणि तुमच्याकडे आजी कुठल्या वेगळ्या पद्धतीनं लंगोट वाळवायच्या, तेही पाठवा, पुढच्या भागात सासूबाईंना माईकसमोर बसवायचा विचार आहे. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

चला, आतून कुरकुर ऐकू येतेय. बदलायची वेळ झाली.